रुमानियन प्रेम आणि अनुवादक

रुमानियन भाषेचे कूळ लॅटिन, याविषयी वाद नाही. वाद आहे तो जन्मस्थानाविषयी. ट्रेजनने इ. स. १०६ मध्ये जिंकलेला डाकिया, की डॅन्यूबच्या दक्षिणेचा प्रदेश? अनुवादकाची अडचण मात्र निराळीच आहे. या लॅटिनकन्येच्या घरात प्रेमासाठी रुळलेले ‘युबिरे’ व ‘द्रागोस्ते’ हे दोन्ही शब्द मुळात स्लाव्ह. लॅटिन तोंडवळ्याचा ‘आमोर’ हा उलट मागाहून आलेला ग्रांथिक पाहुणा होय. कुलीन दिसतो म्हणून त्यालाच घरचा मानणारा अनुवाद कवितेचा स्वर बिघडवितो. इंग्रजीच्या द्वारे मराठीत येणाऱ्या अनुवादास तर हे तिन्ही शब्द एकच भासावयाचे. अमिता भोस यांनी एमिनेस्कूची कविता १९६९ मध्ये बंगालीत नेली ती रुमानियन शिकून, मूळ संहितेवरूनच.