एका आलेखाची परीक्षा

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला रचना आणि व्यावसायिक संवाद हे विषय शिकवताना ‘चॅलेंजर’ अपघाताचे उदाहरण बरेचदा दिले जाते. त्यामागे एडवर्ड टफ्टी यांच्या ‘व्हिज्युअल एक्सप्लनेशन्स’ (१९९७) या पुस्तकातील एक प्रकरण असते. प्रकरण वाचनीय आहे. त्याचा निष्कर्ष मात्र तपासून घ्यायला हवा.

२८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत हे यान नष्ट झाले आणि त्यातील सातही जण मृत्युमुखी पडले. घन इंधनाच्या बूस्टरच्या सांध्यांत रबरी कडी बसवलेली असतात. थंडीत त्यांची लवचीकता घटली आणि एका सांध्यातून तप्त वायू बाहेर पडला. आदल्या रात्रीच मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी तेरा तक्ते पाठवून ५३ अंश फॅरनहाइटखाली उड्डाण करू नये, असे सुचवले होते.

टफ्टींच्या मते दोष या तक्त्यांत होता. आधीच्या २४ उड्डाणांचे तापमान आडव्या अक्षावर आणि कड्यांची हानी उभ्या अक्षावर मांडली असती, तर धोका एका दृष्टिक्षेपात कळला असता. यातला एक मुद्दा बिनतोड आहे. तक्त्यांत आधीच्या दोनच उड्डाणांची तापमाने होती: ५३ आणि ७५ अंश. दोन्ही वेळा हानी झालेली. मग थंडीचा संबंध कसा पटावा? हानी न झालेली उड्डाणेही आलेखात हवीतच.

परंतु २००२ साली त्या अभियंत्यांपैकी रॉजर बोजोले यांनी सहलेखकांसह याला उत्तर दिले. टफ्टींच्या आलेखात आधीच्या उड्डाणांचे आकडे कड्यांच्या तापमानाचे, तर चॅलेंजरचा आकडा हवेच्या तापमानाचा आहे. म्हणजे एकाच अक्षावर दोन वेगळ्या राशी! शिवाय सगळी तापमाने त्या रात्री अभियंत्यांच्या हाती नव्हती, असेही ते सांगतात. आणि शिफारस तर स्पष्टच होती. नासाने आक्षेप घेतल्यावर कंपनीच्या व्यवस्थापकांनी ती फिरवली.

दोष केवळ आलेखाचा, असे शिकवले तर विद्यार्थ्याला वाटेल की नीट मांडले म्हणजे ऐकले जातेच. चौकशी आयोगाने सांध्याची सदोष रचना आणि सदोष निर्णयप्रक्रिया, दोन्हींवर बोट ठेवले होते. म्हणून वर्गात दोन्ही बाजू वाचायला द्याव्यात. त्या रात्री उपलब्ध असलेल्या माहितीवरच आलेख काढायला सांगावा आणि पहिला प्रश्न विचारावा: या अक्षावर नेमके काय मोजले आहे? दुसरा प्रश्न: हा आलेख पाहून निर्णय कोण घेणार?