‘सारखा’ माल : एका करारशब्दाची चिकित्सा

आंतरराष्ट्रीय कायदा आणि जागतिक अर्थव्यवस्था यांच्या पदव्युत्तर अभ्यासाकडे विद्यार्थी सामान्यतः दोन वाटांनी येतो. विधिशाखेतून आलेला कलमे व निवाडे वाचतो; अर्थशास्त्रातून आलेला मागणी, पर्यायी वस्तू व लवचिकता यांची परिभाषा बरोबर आणतो. ज्या शब्दांवर निवाडा उभा असतो त्यांच्याकडे शब्द म्हणून पाहण्याचे काम मात्र दोघेही कोशावर सोपवून मोकळे होतात. प्रस्तुत टिपणात अशाच एका शब्दाची चिकित्सा करावयाची आहे. शब्द लहान आहे, इंग्रजीत अवघा चार अक्षरांचा : ‘लाइक’.

१९४७ च्या गॅट कराराच्या पहिल्या कलमानुसार एका देशाच्या मालाला दिलेली सवलत इतर सभासद देशांच्या ‘लाइक’ मालालाही द्यावी लागते. तिसऱ्या कलमानुसार परदेशी माल एकदा जकात भरून आत आला, म्हणजे त्याला स्वदेशी ‘लाइक’ मालापेक्षा कमी प्रतीची वागणूक देता येत नाही. दोन वस्तू ‘लाइक’ नसतील तर भेदभावाची तक्रारच उद्भवत नाही. भारतासह तेवीस देशांनी सिद्ध केलेल्या त्या करारात या शब्दाची व्याख्या नाही. १९९४ च्या मॅराकेश करारांनी जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली तेव्हाही गॅटच्या या कलमांत ती घालण्यात आली नाही.

आपल्याकडील अलंकारशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही रचना अपरिचित वाटू नये. उपमेची चार अंगे शाळेतच शिकविली जातात : उपमेय, उपमान, साधारणधर्म आणि वाचक शब्द. ‘मुख चंद्रासारखे सुंदर’ ही पूर्णोपमा. ‘सुंदर’ काढून टाकले की ती धर्मलुप्ता होते. गॅटमधील ‘लाइक’ हा निव्वळ वाचक शब्द आहे. उपमेय व उपमान, म्हणजे परदेशी माल आणि देशी माल, खटल्यागणिक पुरविले जातात. साधारणधर्म मात्र लुप्त आहे, आणि या शब्दावर झालेले बहुतेक वाद हे तो लुप्त धर्म कोणी व कोठून पुरवावयाचा याविषयीचे आहेत. काव्यात ही उणीव सहृदय भरून काढतो. करारात सहृदय कोण?

या प्रश्नाची उत्तरे काळाबरोबर बदलत गेली. स्पेनने १९७९ मध्ये न भाजलेल्या कॉफीचे जकातीपुरते प्रकार पाडले. ‘सौम्य’ जातींना माफी दिली आणि ब्राझीलकडून मुख्यत्वे येणाऱ्या न धुतलेल्या अरेबिकावर सात टक्के जकात बसविली. १९८१ मध्ये पंचमंडळाने ठरविले की भूप्रदेश, लागवड व प्रक्रिया यांमुळे पडणारा चवीतील फरक पुरेसा नाही; कॉफी बहुधा मिश्रण करून विकली जाते आणि शेवटी ती एक पेयच आहे. येथे साधारणधर्म अंतिम उपयोगातून आला. १९९६ मध्ये जपानच्या मद्यकराचा वाद अपील मंडळापुढे गेला. शोचू व व्होडका ‘लाइक’ ठरली. व्हिस्की, ब्रँडी इत्यादींना शोचूची ‘प्रत्यक्ष स्पर्धक वा पर्यायी’ या निराळ्या वर्गात बसविण्यात आले. ‘लाइक’चा अर्थ एकाच मापाचा नसून कलमाकलमानुसार तो अ‍ॅकॉर्डियनच्या भात्याप्रमाणे फाकतो वा आवळतो, असेही मंडळाने तेथे म्हटले. ही उपमा बरीच गाजली. आमच्या मते ती शोभिवंत आहे, उपयुक्त नाही; कारण भाता फाकविणारा हात कोणाचा, हे ती सांगत नाही.

भारतीय विधिशाखेच्या विद्यार्थ्याला येथे संविधानाचा चौदावा अनुच्छेद आठवणे साहजिक आहे. अन्वर अली सरकार खटल्यात १९५२ साली सर्वोच्च न्यायालयाने वर्गीकरणाची जी कसोटी मांडली, तिच्यात वर्गीकरणामागील भेदाचा कायद्याच्या उद्दिष्टाशी तर्कसंगत संबंध असावा लागतो. म्हणजे आपल्याकडे साधारणधर्म कायद्याच्या हेतूतून येतो. गॅटमध्येही १९९२ च्या अमेरिकी बिअरच्या खटल्यात पंचमंडळाने याच्याशी मिळतीजुळती वाट चोखाळली होती. १९९६ मध्ये ती नाकारण्यात आली. आपल्या विद्यार्थ्याने चौदाव्या अनुच्छेदाची सवय तशीच्या तशी जिनीव्हात नेली तर तो फसेल, आणि नेमका कोठे फसेल हे त्याला आधी सांगितले पाहिजे.

ॲस्बेस्टॉसचा खटला या दृष्टीने सर्वांत मोलाचा. फ्रान्सने १९९६ च्या डिसेंबरात हुकूम काढून १९९७ च्या प्रारंभापासून ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. कॅनडाने तक्रार केली. क्रिसोटाइल ॲस्बेस्टॉसचे तंतू आणि त्याऐवजी वापरले जाणारे काच, सेल्युलोज इत्यादींचे तंतू ‘लाइक’ आहेत काय, हा प्रश्न होता. पंचमंडळाने होय म्हटले, व फ्रान्सला आरोग्यरक्षणाच्या अपवादाखाली सोडले. २००१ मध्ये अपील मंडळाने ‘लाइक’बद्दलचा निष्कर्ष फिरविला : कर्करोगाचा धोका हा वस्तूच्या भौतिक गुणधर्मांचाच भाग आहे, आणि ग्राहकाच्या आवडीनिवडीवरही त्याचा परिणाम होतो. हा फरक केवळ शाब्दिक समजू नये. वस्तू ‘लाइक’ ठरली की प्राणघातक मालावरील बंदी हा नियमभंग होतो आणि त्याचे समर्थन करण्याचा भार राज्यावर पडतो; ‘लाइक’ न ठरल्यास नियमच मोडत नाही.

या निवाड्यात मंडळाने प्रथम ऑक्सफर्ड कोश उघडला. ‘लाइक’ म्हणजे ‘सिमिलर’ असे तेथे सापडले. फ्रेंच पाठातील ‘सिमिलेर’ व स्पॅनिश पाठातील ‘सिमिलारेस’ यांचाही आधार मिळाला, कारण तिन्ही पाठ सारखेच अधिकृत आहेत. नंतर मंडळानेच मान्य केले की कोशार्थाने तीन प्रश्न सुटत नाहीत : कोणते गुणधर्म महत्त्वाचे, ते किती प्रमाणात समान हवेत, आणि हे साम्य कोणाच्या दृष्टीने ठरवावयाचे. हे तीन प्रश्न म्हणजे लुप्त साधारणधर्माचीच तपशीलवार मांडणी होय. पर्यायी शब्द देणे हे कोशाचे काम. उपमेतील रिकामे घर त्याने भरून द्यावे ही अपेक्षाच अस्थानी आहे. २००५ मध्ये अँटिग्वा व बार्बुडा यांनी अमेरिकेविरुद्ध आणलेल्या जुगारसेवांच्या खटल्यात मंडळाने पंचमंडळाला याच दोषाबद्दल फटकारले. तथापि कोश आधी उघडण्याची रीत टिकलीच.

तीन पाठ शेजारी ठेवल्याने कधीकधी खरोखर उजेड पडतो, हेही नमूद केले पाहिजे. कॅनडाच्या इमारती लाकडासंबंधी २००४ मध्ये झालेल्या निवाड्यात इंग्रजी ‘गुड्स’पुढे फ्रेंच ‘बियाँ’ व स्पॅनिश ‘बिएनेस’ ठेवल्यावर, उभ्या झाडांनाही तो शब्द लागू शकतो असे दिसून आले. ‘लाइक’च्या बाबतीत मात्र तिन्ही भाषा एकाच जागी मौन पाळतात.

म्हणून येथे चौथी, अनधिकृत भाषा उपयोगी पडते. विद्यार्थ्याला ‘लाइक’ मराठीत आणावयास सांगावे. समान, सदृश, तुल्य, सजातीय, एकसारखा यांपैकी कोणताही शब्द घेतला तरी त्याला कोणता तरी धर्म पदरी घ्यावा लागतो, आणि तो का घेतला हे सांगावे लागते. ‘सारखा’ हा शब्द सर्वांत जवळचा, कारण त्याच्यात हीच संदिग्धता आहे : ‘सारखे दोन भाग’ यात समानता आहे, ‘आईसारखी मावशी’ यात सादृश्य. (व्युत्पत्तीने काही सिद्ध होत नाही, पण गंमत म्हणून सांगावयास हरकत नाही : ‘लाइक’च्या मुळाशी ‘देह’ या अर्थाचा जर्मानिक शब्द आहे, तर ‘सारखा’ हा ‘सदृक्ष’पासून, म्हणजे पाहण्याच्या धातूपासून आलेला आहे.)

पाहणारा कोण, याचे उत्तर अपील मंडळाने अखेरीस दिले. लवंगयुक्त सिगारेटींवर बंदी घालून मेंथॉलच्या सिगारेटी मोकळ्या ठेवणाऱ्या अमेरिकेविरुद्ध इंडोनेशियाने आणलेल्या खटल्यात, २०१२ मध्ये, मंडळाने साम्य हे बाजारातील स्पर्धासंबंधांवरून ठरविले. तो खटला तांत्रिक अडथळ्यांविषयीच्या निराळ्या करारातला होता, परंतु शब्द तोच. आरोग्याची चिंता स्पर्धेवर परिणाम करील तेवढीच विचारात घ्यावयाची. सहृदयाच्या आसनावर येथे ग्राहक बसला. उत्तर सुसंगत आहे आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते आवडते. पण ते शब्दाच्या अर्थातून निघालेले नसून निवडलेले आहे, आणि कोशाच्या आडोशामुळे ही निवड दिसेनाशी होते.

ॲस्बेस्टॉसच्या अहवालातच तीन सदस्यांपैकी एकाने, नाव न देता, स्वतंत्र मत नोंदविले होते : कर्करोगकारकता सिद्ध झालेले तंतू निःसंशय ‘लाइक’ नाहीत, आणि ‘लाइक’चा मूलतः आर्थिक अर्थ लावणे अपरिहार्य आहे काय याविषयी शंका आहे. निवाड्यांचे सारांश वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या नजरेतून हे परिच्छेद सहज निसटतात. सभासदांच्या नेमणुका अडल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून अपील मंडळ काम करू शकत नाही. त्या शंकेला त्याच्याकडून सविस्तर उत्तर मिळालेले नाही.