वृद्ध मनोरुग्ण व परिचारिका यांचे नाते : ‘खामोशी’ आणि ‘अस्तु’ यांच्या संदर्भात

मनोरुग्णालयातील परिचारिकेची लोकमानसातील प्रतिमा घडविण्यात असित सेन यांच्या ‘खामोशी’ (१९६९) या हिंदी चित्रपटाचा वाटा मोठा आहे. आशुतोष मुखोपाध्याय यांच्या बंगाली कथेवर सेन यांनी आधी ‘दीप ज्वेले जाई’ (१९५९) हा चित्रपट केला होता. ‘खामोशी’तील राधा डॉक्टरांच्या आग्रहाने तरुण रुग्णावरील प्रेमाचा अभिनय करते, त्यात गुंतते आणि अखेर त्याच रुग्णालयात रुग्ण होऊन राहते. वहिदा रहमान यांचा अभिनय वादातीत आहे. तथापि या कथेत परिचारिकेचे श्रम प्रेमाच्या आड दडतात, हे नोंदवणे अगत्याचे ठरते. शिवाय प्रेमाने बरा होणारा रुग्ण येथे तरुणच असावा लागतो. वृद्ध रुग्णाला अशा कथेत स्थान मिळणे कठीणच!

हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी ‘इंटरपर्सनल रिलेशन्स इन नर्सिंग’ (१९५२) या ग्रंथात या नात्याचे टप्पे मांडले. परस्परांना अनोळखी असलेल्या दोन व्यक्तींपासून ते सुरू होते आणि रुग्ण स्वावलंबी झाला की संपते. राधाची शोकांतिका या अखेरच्या टप्प्याच्या अभावातून उद्भवते. पण वर्षानुवर्षे दाखल असलेल्या वृद्धांच्या बाबतीत पेप्लाऊ यांची मांडणीही अपुरी पडते.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३) वृद्धाला केंद्रस्थानी आणतो. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे विद्वान चक्रपाणी शास्त्री हत्तीच्या मागे निघून जातात आणि माहुताची पत्नी चन्नम्मा त्यांना सांभाळते. शास्त्रींची भूमिका करणारे मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. चन्नम्माच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. टॉम किटवुड यांनी ‘डिमेन्शिया रिकन्सिडर्ड’ (१९९७) मध्ये वृद्ध रुग्णाला लहान मूल समजून वागवणे हे त्याच्या व्यक्तित्वाचा ऱ्हास करणारे वर्तन मानले आहे. चन्नम्मावर हा आक्षेप येऊ शकेल काय? येथे शास्त्रीच तिला आई मानतात. नाते ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडेच राहतो. वॉर्डात मात्र ‘आजी’, ‘आजोबा’ ही संबोधने बहुधा परिचारिकेकडून येतात. त्यांत माया असते, तशी सत्ताही असते.

चन्नम्माला पाळी नाही, नोंदवही नाही, वेतन नाही. तिची करुणा निर्व्याज असली तरी व्यवसायाचा निकष म्हणून तिच्याकडे पाहणे परिचारिकेवर अन्याय करणारे आहे. ‘खामोशी’त रुग्णालय आहे, वृद्ध केंद्रस्थानी नाही, ‘अस्तु’त वृद्ध आहे, परिचारिका नाही.

दिग्रसहून नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय दोनशेहून अधिक किलोमीटरवर आहे. मोलमजुरी करणाऱ्या नातलगाला भेटीसाठी एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १९ नुसार केवळ कुटुंब स्वीकारत नाही म्हणून कोणालाही रुग्णालयात ठेवता येत नाही. परंतु भाऊ वारले, शेत वाटले गेले, अशा वृद्धेने परतावे कोठे? भाकरी दुधात कुस्करून दिली तरच ती खाते, हे तिच्या गावात कोणाला ठाऊक नसते. वॉर्डातील सिस्टरला असते. पेप्लाऊ यांच्या मांडणीत हे नाते रुग्ण सावरल्यावर संपते. शासकीय सेवेत ते परिचारिकेच्या बदलीच्या आदेशानेही संपते, आणि भाकरीची ती गोष्ट पुढच्या सिस्टरला सांगण्यासाठी नोंदवहीत रकाना नसतो.