दोन आवाजांतील बालपण : नाताली सारोत यांच्या 'आँफाँस'मधील निवेदन

आत्मचरित्रात लेखक, निवेदक आणि व्यक्तिरेखा ही एकच व्यक्ती असते, अशी मांडणी फिलिप लजन यांनी १९७५ साली केली. त्यानंतर आठ वर्षांनी नवकादंबरीच्या प्रवर्तकांपैकी एक असलेल्या नाताली सारोत (१९००-१९९९) यांचे 'आँफाँस' प्रसिद्ध झाले. व्यक्तिरेखा आणि कथानक यांविषयी आयुष्यभर संशय बाळगणाऱ्या या लेखिकेने वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी आपले रशियातील व पॅरिसमधील बालपण सांगावे, हेच अनेकांना आश्चर्याचे वाटले.

'आँफाँस'मध्ये 'मी' एकटी बोलत नाही. तिच्यासमोर दुसरा आवाज आहे. आठवणी सांगण्याचा बेत ऐकताच तो आक्षेप घेतो. निवेदन पाखरांच्या कूजनाकडे, किलबिलाटाकडे वळले, की हा मजकूर तयार साच्यातला आहे, असे बजावतो. त्यामुळे समीक्षक त्याला सहसा परीक्षक ठरवतात. हे मत अपुरे आहे. निवेदिका जेथे थांबू पाहते तेथे हाच आवाज तिला पुढे ढकलतो. आईविषयीचा कडवटपणा तिच्या आधी त्यालाच जाणवतो. तो आठवणीची केवळ तपासणी करत नाही, तर ती घडवण्यातही सहभागी होतो.

या आवाजाचे लिंग कोणते? पहिल्याच संवादात निवेदिका त्याच्यासाठी पुल्लिंगी विशेषण वापरते. फ्रेंचमध्ये वर्तमानकाळी क्रियापदातून लिंग कळत नाही, म्हणून ही संदिग्धता टिकते. मराठी अनुवादकाला मात्र 'तू सांगतेस' की 'तू सांगतोस' याचा निर्णय पहिल्याच पानावर घ्यावा लागेल, आणि त्या निर्णयासरशी मूळ संहितेतील एक शक्यता नाहीशी होईल.

'माझे पहिले दुःख' या शालेय निबंधाचा प्रसंग येथे विशेष महत्त्वाचा आहे. आईवडील विभक्त झालेल्या, आईपासून दुरावून वडील व सावत्र आई यांच्याजवळ राहणाऱ्या या मुलीपाशी खऱ्या दुःखाची वाण नाही. तरीही ती आगगाडीखाली सापडलेल्या कुत्र्याच्या पिल्लाचे कल्पित दुःख निवडते आणि शब्दांची जुळणी करण्यात रमते. दुसरा आवाज स्वतःच्या दुःखाविषयी विचारतो. तसा विचारही मनाला शिवला नव्हता, असे उत्तर येते. लेखनाचा आनंद आणि अनुभवाचे सत्य यांतील फारकत या मुलीला नकळत सापडली आहे. आत्मचरित्राच्या प्रामाणिकपणाची चर्चा करणाऱ्यांनी हा प्रसंग वारंवार वाचावा.

जॉर्ज पेरेक यांच्या 'डब्ल्यू'शी (१९७५) तुलना केल्यास फरक ठळक होतो. वडील १९४० मध्ये युद्धात गेले, आईला १९४३ मध्ये आउश्वित्झला नेले गेले. बालपणाच्या आठवणीच नाहीत, असे पेरेक आरंभीच सांगतात. स्थानकावर आईचा निरोप घेताना हात झोळीत होता ही त्यांची आठवण. ती आत्याच्या साक्षीने खोटी ठरते. पेरेक यांना दुरुस्त करणारा पुरावा बाहेरून येतो आणि तो तळटीपांत व दुरुस्त्यांत शिरतो. सारोत यांना दुरुस्त करणारे कोणी उरलेले नाही, म्हणून साक्षीदार आतच निर्माण करावा लागतो. दोहोंतील पेरेक यांची संहिता अधिक विदारक आहे, यात शंका नाही. परंतु आठवण बोलत असतानाच तिच्यावर संशय घेण्याचे कौशल्य सारोत यांच्याकडेच दिसते.

बारा वर्षांच्या आसपासची मुलगी नव्या शाळेसाठी ट्रामने निघते आणि निवेदिका येथेच थांबते. आरंभी हा उद्योगच नको म्हणणारा दुसरा आवाज आता उलट विचारतो, की इथवर आल्यावर एकाएकी थांबायचे का?