'आम्ही' आणि 'आपण' : किंग यांच्या दोन भाषणांतील मताधिकार

इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम एकच आहे. मराठीत त्याची दोन रूपे आहेत : श्रोत्यास वगळून बोलावयाचे असता 'आम्ही' आणि त्यास सामावून घ्यावयाचे असता 'आपण'. इंग्रजी भाषण मराठीत आणू पाहणाऱ्यास म्हणूनच पदोपदी निवड करावी लागते. आणि ती करताना मूळ संहितेत अव्यक्त राहिलेला वक्ता व श्रोता यांचा संबंध उघड होतो. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मताधिकारविषयक दोन भाषणांना ही कसोटी लावली असता त्यांच्या अहिंसाविचारावर आणि आशावादावर काही प्रकाश पडतो.

यांपैकी पहिले भाषण १७ मे १९५७ रोजी वॉशिंग्टन येथे लिंकन स्मारकापाशी झाले. सरकारी शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयास त्या दिवशी तीन वर्षे पूर्ण होत होती. दुसरे २५ मार्च १९६५ रोजी, सेल्मा ते माँटगोमेरी या पदयात्रेच्या अखेरीस, अलाबामाच्या विधानभवनासमोर झाले.

पहिल्या भाषणात एक वाक्यबंध पुनःपुन्हा येतो. त्याचा पूर्वार्ध आज्ञार्थी असून त्यात मताधिकाराची मागणी आहे. उत्तरार्ध भविष्यकाळी असून त्यात अभिवचन आहे. मूलभूत हक्कांसाठी केंद्र सरकारला त्रास द्यावा लागणार नाही. झुंडीने घडविलेल्या हत्यांविरुद्धचा कायदा दक्षिणेत मतांच्या बळावर करता येईल. विधिमंडळांत सद्भाव असणारी आणि न्यायासनांवर न्यायबुद्धी असणारी माणसे बसविता येतील. १९५४ चा निर्णय कटुता न ठेवता, अहिंसेने अमलात आणता येईल, असा त्या अभिवचनांचा आशय आहे. समोर जनसमुदाय असला तरी ही मागणी राष्ट्राध्यक्षांस आणि काँग्रेसच्या सदस्यांस उद्देशून आहे. देणारा वेगळा आहे. म्हणून येथील सर्वनाम निःसंशय 'आम्ही' हेच होय.

यावर एक आक्षेप संभवतो. वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास अमेरिकेच्या घटनेतील पंधराव्या दुरुस्तीने १८७० मध्येच मनाई केली होती. जे कायद्याने आपलेच आहे ते मागावे, आणि वर सद्वर्तनाची हमी द्यावी, ही याचना नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. परंतु त्याच भाषणात किंग असेही सुचवितात की, ज्याच्या हाती मताधिकार दृढपणे नाही त्याची स्वतःवरही मालकी नाही. म्हणजे देण्याच्या क्रियापदाआधी स्वामित्वाचे क्रियापद येऊन गेलेले आहे. शिवाय, पहिल्या अभिवचनाचा आशय मागण्याची गरज संपेल असाच आहे. मागणे संपविण्यासाठी केलेली ही मागणी आहे. 'मागणे' आणि 'मागणी' यांचा धातू एकच असला, तरी त्यांचे वजन भिन्न आहे.

तथापि आक्षेप पूर्णतः निरस्त होत नाही. कारण 'देणारा' ही केवळ व्याकरणातील कोटी नव्हती. तो नोंदणी कचेरीत बसलेला होता. मिसिसिपीच्या १८९० च्या राज्यघटनेने मतदारास तिच्यातील कलम वाचता यावे, अथवा वाचून दाखविल्यास त्याचा अर्थ सांगता यावा, अशी अट घातली. १९५४ च्या दुरुस्तीने ती अधिकच कडक केली. सांगितलेला अर्थ योग्य की अयोग्य, हे नोंदणी अधिकाऱ्याने ठरवावयाचे होते. भाषेच्या अभ्यासकाने येथे थांबून विचार करावयास हवा. अर्थनिर्णय ही ज्ञानव्यापारातील क्रिया. ती येथे नागरिकास बाहेर ठेवण्याचे साधन झाली. लुइझियानातील अशाच परीक्षेस सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च १९६५ रोजी अवैध ठरविले. त्याच्या आदल्याच दिवशी सेल्माच्या एडमंड पेटस पुलावर निःशस्त्र पदयात्रींवर पोलिसांच्या लाठ्या पडल्या होत्या.

या पार्श्वभूमीवर दुसऱ्या भाषणातील बदल ध्यानात येतो. आज्ञार्थ येथेही आहे. पण त्याचा रोख देणाऱ्याकडे नाही. विभक्त वस्त्यांवर, विभक्त शाळांवर, दारिद्र्यावर आणि शेवटी मतपेट्यांवर चालून जाण्याचे आवाहन आहे, आणि ते चालणाऱ्यांनी चालणाऱ्यांस केलेले आहे. देण्याच्या क्रियापदाची जागा चालण्याच्या क्रियापदाने घेतली. मराठीत येथे 'आपण' हेच सर्वनाम योजावे लागेल. इतकेच नव्हे, तर गोऱ्या माणसास पराभूत वा अपमानित करणे हे ध्येय नसून त्याची मैत्री जिंकणे हे ध्येय आहे, असे किंग जेव्हा बजावतात, तेव्हा पुलावर लाठी चालविणाऱ्यासही या 'आपण'मध्ये जागा राखून ठेवली जाते. अहिंसेचा अर्थ येथे केवळ प्रतिकाराची रीत एवढा उरत नाही. ती सर्वनामाची व्याप्ती ठरविणारी भूमिका होते.

या भाषणाचा दुबळा भागही नोंदविला पाहिजे. आणखी किती काळ, या प्रश्नास फार काळ नाही, असे उत्तर किंग आवर्तनाने देतात. आणि त्याच्या समर्थनार्थ विश्वाच्या नैतिक नियमाची साक्ष काढतात. या वाक्यांत कर्ता बदलतो. 'आपण' मागे पडतो आणि न्याय जणू आपोआप येणार असे भासते. त्याच रात्री पदयात्रींना मोटारीने पोहोचविणाऱ्या व्हायोला लिउझो यांची क्लॅनच्या माणसांनी गोळ्या घालून हत्या केली. किंग यांच्या आशेचे बळ या आवर्तनात नाही, चालण्याच्या आवाहनात आहे.

पुढील घटनाक्रम हेच दर्शवितो. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकार कायदा झाला. साक्षरतेच्या परीक्षा अनेक राज्यांत स्थगित झाल्या आणि केंद्राचे अधिकारी नोंदणीसाठी गेले. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या नोंदणीचे प्रमाण १९६५ मधील सुमारे ६.७ टक्क्यांवरून १९६७ पर्यंत ५९.८ टक्क्यांवर पोहोचले. परंतु २५ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, निवडणूक-नियमांतील बदलांस केंद्राची पूर्वसंमती कोणत्या राज्यांनी घ्यावी हे ठरविणारे त्या कायद्यातील सूत्र रद्द केले. जे दिले जाते ते परत घेतले जाऊ शकते. तात्पर्य, १९६५ च्या 'आपण'ने १९५७ चा 'आम्ही' कालबाह्य ठरत नाही. मतपेटीपर्यंतची वाट अडविली जाते तोवर 'आम्ही' म्हणावेच लागते. मात्र ते 'आपण'कडे जाण्यासाठी म्हटले जात आहे की नाही, यावरच किंग यांच्या अर्थाने त्या मागणीची कसोटी लागते.