लाल नसलेला ‘ई’

फ्रान्समधल्या सुपरमार्केटात बिस्किटांचा पुडा उचलला, तर दर्शनी बाजूला खाली बऱ्याचदा पाच रंगांची एक आडवी पट्टी सापडते. ए, बी, सी, डी, ई अशी पाच अक्षरं, प्रत्येकाला आपापली चौकट. त्यांतलं एकच अक्षर मोठं, रांगेतून फुगून बाहेर आलेलं. वर करड्या अक्षरांत नाव, न्यूट्री-स्कोअर. ३१ ऑक्टोबर २०१७ च्या आदेशानं फ्रान्सनं ही पट्टी अधिकृत केली. पुढे बेल्जियम, जर्मनी, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि स्वित्झर्लंड यांनीही ती आपलीशी केली. लठ्ठपणाविषयी युरोपातल्या सरकारांनी आजवर जे काही लिहिलं, त्यात ही पट्टी मला सगळ्यांत सरस लिखाण वाटते. लिखाणच म्हणतो आहे मी, आणि त्याच नजरेनं ती वाचणार आहे.

बाकीचं लिखाण चाळून पाहिलं की तिची किंमत कळते. नोव्हेंबर २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागातले मंत्री इस्तंबूलला जमले आणि त्यांनी लठ्ठपणाविरोधी सनद काढली. मे २००७ मध्ये युरोपीय आयोगाची श्वेतपत्रिका आली. आहार, वजन, व्यायाम, सगळं एका बासनात. तळमळ खरी, पण गद्य असं, की प्रत्येक वाक्यावरून चार समित्यांचा हात फिरलेला. भागीदारी, समन्वय, सर्व संबंधित घटक. कुणी काय करायचं आणि नाही केलं तर काय, हे सांगायची वेळ आली की वाक्यातला कर्ता नाहीसा होतो. प्रत्यक्ष कामाचीही तीच गत. कोणत्या पदार्थानं वेष्टनावर आरोग्याचे दावे करावेत याचे पोषण-निकष आयोगानं जानेवारी २००९ पर्यंत ठरवायचे, असं युरोपीय कायद्यातच लिहिलं होतं. ती तारीख गेली, निकष काही आले नाहीत. दरम्यान जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या विभागातले जवळजवळ ६० टक्के प्रौढ जास्त वजनाचे किंवा लठ्ठ होते.

आता पट्टीकडे वळू. आधी रंग. गडद हिरवा, फिकट हिरवा, पिवळा, फिकट नारिंगी आणि शेवटी गडद नारिंगी. अधिकृत वर्णनात शेवटचा रंग लाल नाही. घाईत बघणाऱ्याला तो लालच वाटतो आणि बोलताना लोक बिनदिक्कत लाल म्हणतात. तरी लाल हे नाव टाळलं गेलं याला मी अर्थ देतो. लाल आला की मनाई आली. ‘ई’ मिळालेला पदार्थ मात्र उघडपणे, कायद्यानं, बाजूच्या ‘बी’इतक्याच दिमाखात विकायला ठेवलेला असतो. त्याला मनाईचा रंग देणं खोटं ठरलं असतं. पट्टी ‘जरा थांब’ इथवर येते आणि तिथेच थांबते.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. पाचही अक्षरं नेहमी छापावी लागतात. ज्या पुड्याला ‘ई’ मिळाला आहे त्यावरही ए, बी, सी, डी हजर असतात, आपापल्या रंगांत. म्हणजे प्रत्येक पुडा आपली जागा सांगतानाच आपल्याला कुठे जाता आलं असतं तेही दाखवतो. आणि ही वरची मोकळी जागा उत्पादकाला स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या वेष्टनावर छापावी लागते.

हे किती अवघड होतं, ते इतरांनी काय केलं यावरून दिसतं. स्वीडननं १९८९ मध्ये हिरवं किल्लीचं भोक आणलं. चांगल्या पदार्थावर ते दिसतं, उरलेल्यांबद्दल चिन्ह गप्प. चिलीनं २०१६ पासून काळे अष्टकोन लावले. साखर जास्त, मीठ जास्त असे थेट आरोप, त्यात कौतुकाला जागाच नाही. ब्रिटनच्या सिग्नलच्या दिव्यांत मेद, संपृक्त मेद, साखर आणि मीठ यांचे चार वेगळे निकाल. दोन हिरवे, एक पिवळा, एक लाल अशी भेळ समोर आली की बेरीज गिऱ्हाइकानं करायची, तीही कडेवर मूल घेऊन. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२२ मध्ये ताऱ्यांचा मसुदा काढला, अर्ध्या ताऱ्यापासून पाचांपर्यंत. ताऱ्याची अडचण अशी, की अर्धा मिळाला तरी तो ताराच, नापासालाही बक्षीस. इटलीनं न्यूट्री-स्कोअरला उत्तर म्हणून २०२० मध्ये निळ्या बॅटऱ्यांची रांग काढली. दिवसभराच्या गरजेचा किती भाग एका वाढणीत संपतो हे बॅटरी भरून दाखवते. पण मोबाइल वापरणाऱ्याच्या मनात भरलेली बॅटरी चांगली, आणि इथे जितकी भरलेली तितकं सावध राहायचं. चित्रानंच अर्थाला दगा दिला.

पट्टीच्या पोटात एक बेरीज-वजाबाकी आहे, आणि खरी कारागिरी तिच्यात आहे. ती मुळात फ्रेंचही नाही. मुलांच्या कार्यक्रमांत टीव्हीवर कोणत्या खाण्याची जाहिरात दाखवू नये हे ठरवण्यासाठी ऑक्सफर्डमध्ये माइक रेनर आणि सहकाऱ्यांनी २००४-०५ च्या सुमारास एक गुणपद्धती बांधली. सर्ज हर्कबर्ग या फ्रेंच साथरोगतज्ज्ञाच्या गटानं ती घेतली, थोडी बदलली आणि तिला रंग चढवले. ब्रिटनला फक्त हो की नाही एवढंच हवं होतं. फ्रान्सनं त्याच गणितातून पाच पायऱ्या कोरल्या. २०२३ च्या दुरुस्तीआधी गणित असं होतं, १०० ग्रॅमचं. ऊर्जा, साखर, संपृक्त मेद आणि सोडियम यांना प्रत्येकी शून्य ते दहा वाईट गुण. फळं-भाज्या-कडधान्यं-सुका मेवा, तंतू आणि प्रथिनं यांना प्रत्येकी शून्य ते पाच चांगले गुण. वाइटातून चांगले वजा करायचे. उणे १५ पासून ४० पर्यंत काहीही येऊ शकत होतं. उणे एक किंवा त्याखाली ‘ए’, शून्य ते दोन ‘बी’, तीन ते दहा ‘सी’, अकरा ते अठरा ‘डी’, त्यावर ‘ई’. पेयांचं कोष्टक वेगळं, आणि तिथे ‘ए’ फक्त पाण्याला.

साखर आणि तंतू एकाच तराजूत कसे, असं कुणी विचारेल. पत्रिका जुळवताना नाडी, गण, योनी यांची छत्तीस गुणांत बेरीज करणाऱ्या आपल्या लोकांना तरी हे नवं वाटू नये. फरक इतकाच, की इथला प्रत्येक गुण कुठून आला ते तपासता येतं.

त्या जुन्या गणितात एक जागा अशी आहे, की तिथे मी प्रत्येक वेळी थबकतो. वाईट गुण अकरा किंवा जास्त झाले की प्रथिनांचे गुण मोजायचेच नाहीत (फळं-भाज्यांना पूर्ण पाच मिळाले असतील तर, आणि चीजच्या बाबतीत, अपवाद). कारण सरळ आहे. प्रथिनं इथे लोह-कॅल्शियमची प्रतिनिधी म्हणून आलेली. त्यांच्या आडून साखर आणि मेद माफ करून घेता येऊ नयेत. पण या नियमाचा परिणाम काय होतो पाहा. एक म्युस्ली मनातल्या मनात बनवू. १०० ग्रॅममध्ये ऊर्जा १७०० किलोज्यूल, म्हणजे पाच गुण. साखर १७ ग्रॅम, तीन. संपृक्त मेद अडीच ग्रॅम, दोन. मीठ पाव ग्रॅम, एक. झाले अकरा. तंतू सहा ग्रॅम, त्यांचे पाच वजा. प्रथिनं नऊ ग्रॅम आहेत, पण दार बंद. उरले सहा: ‘सी’. आता साखर चार ग्रॅमनी कमी करून १३ वर आणा, जागी ओट्स घाला. साखरेचे गुण दोन, एकूण वाईट दहा. दार उघडलं. प्रथिनांचे पाचही गुण एकदम आत आले. दहा वजा पाच वजा पाच, शून्य. ‘बी’. एका गुणाची बचत केली आणि हिशेबात सहांचा फरक पडला.

हे गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. त्याला दिसतं ते फक्त मोठं झालेलं अक्षर. चार ग्रॅम साखर काढली की काय होतं याचा हिशेब मांडून बसणारा माणूस म्युस्लीच्या कारखान्यात असतो. माझ्या मते पट्टी त्याच्यासाठीच लिहिली आहे. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत ती बोलते, आणि ऐकवते मागे उभ्या असलेल्या कारखानदाराला. सून आणि लेकीची म्हण मराठी वाचकाला इथे आठवेलच.

दुकानातला पुरावाही याच बाजूनं आहे. २०१६ च्या शरदात फ्रान्सनं ६० सुपरमार्केटांत दहा आठवडे चार वेगवेगळी चिन्हं आजमावली; काही दुकानांत एक, काहींत दुसरं, काहींत काहीच नाही. न्यूट्री-स्कोअर पहिला आला, पण फरक फार मोठा नव्हता. पुढे प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसलं, की प्रयोगशाळेतल्या तशाच अभ्यासांत जेवढा परिणाम दिसला होता त्याच्या सरासरी १७ पट कमी परिणाम खऱ्या दुकानात झाला. पट्टीचे विरोधक हा आकडा आनंदानं सांगतात. माणसं घाईत असतात, सवयीनं तोच पुडा उचलतात, यात नवल ते काय? सवयीच्या पुड्यातलीच साखर चार ग्रॅमनी उतरली, तर त्या माणसानं न वाचताही पट्टी त्याच्या पोटात पोचली.

याच वाचनातून रोकफोरचं भांडण समजतं. २०२१ मध्ये या निळ्या बुरशीच्या चीजच्या उत्पादकांनी पट्टीतून सूट मागितली. त्यांच्या वाट्याला डी किंवा ई येत होता. वर्तमानपत्रांनी त्याला परंपरा विरुद्ध विज्ञान असं सोपं रूप दिलं. अडचण वेगळी आहे. रोकफोर म्हणजे लाकोन जातीच्या मेंढीचं कच्चं दूध आणि रोकफोर-सुर-सुलझों गावच्या गुहांत मुरवणं. हे सगळं नावाच्या कायदेशीर संरक्षणातच बांधलेलं. मीठ अर्धं करा, मेद उतरवा असं म्हणायची सोय नाही, कारण मग ते रोकफोर उरत नाही. ज्याला कृती बदलता येत नाही त्याच्यापुढे पट्टीची सगळी भाषा फुकट जाते. त्या चीजवर ‘ई’ खोटा नाही, तो निरर्थक आहे. उत्पादकांची तक्रार मला पटते. त्यांनी मागितलेली सूट पटत नाही, कारण एका चीजला दार उघडलं की मागे तीनशे उभी.

ऑलिव्ह तेलाचंही असंच दुखणं होतं, आणि ते पायरीपायरीनं बरं करावं लागलं. सुरुवातीला ‘डी’, २०१९ मध्ये ‘सी’, २०२३ च्या दुरुस्तीत ‘बी’. इटली आणि स्पेनचा राग अशानं शमत नाही. शंभर ग्रॅमच्या हिशेबावर त्यांचा आक्षेप आहे, तेल कोण शंभर ग्रॅम पितं? प्रश्न रास्त वाटतो, पण वाढणीचं माप उत्पादकाच्या हाती दिलं की बिस्किटाची वाढणी दीड बिस्किटाची होते. ज्या उणिवेला मला उत्तर सापडत नाही ती वेगळी आहे. पदार्थ कारखान्यात किती पिंजला गेला, त्यात रंग, इमल्सिफायर, स्वाद किती, याबद्दल पट्टी मुकी आहे. हुशारीनं जुळवलेल्या मिश्रणाला ती ‘ए’ देऊ शकते.

शरीर हलवण्याबद्दलही ती एक अक्षर बोलत नाही, आणि ते बरंच आहे. तो विषय फ्रान्सनं दुसरीकडे हाताळला. २००७ पासून गोड पेयांच्या आणि कारखान्यात बनवलेल्या खाण्याच्या जाहिरातीखाली आरोग्याची एक ओळ लागते. रोज पाच तरी फळं-भाज्या खा, नियमित व्यायाम करा, मधल्या वेळचं चरणं टाळा, अशा त्या ओळी. वर चॉकलेटची धार, खाली व्यायामाचा सल्ला. या जोडीत मला नेहमी जाहिरातदाराचीच सोय दिसते. धावलास की झालं, असं खाण्याच्या उद्योगाला नेहमीच म्हणायचं असतं, आणि ही सरकारी ओळ नकळत त्याला दुजोरा देते. पट्टी त्या सापळ्यात पडत नाही. पुड्यात काय आहे एवढ्यापुरतंच ती बोलते.

तिच्यामागे सक्ती मात्र नाही. २०११ च्या युरोपीय नियमानुसार पोषणाचा तक्ता वेष्टनावर बंधनकारक, पण पुढच्या बाजूचं असं चिन्ह एकट्या देशाला लादता येत नाही. आयोगानं मे २०२० मध्ये साऱ्या संघासाठी एकच सक्तीचं चिन्ह २०२२ अखेर सुचवू असं जाहीर केलं होतं. तोही वायदाच राहिला. त्यामुळे पट्टी लावणं कंपनीच्या मर्जीवर, काढणंही. २०२३ च्या त्याच दुरुस्तीतल्या नव्या गणितानं साखर आणि मिठाची शिक्षा वाढवली, गोडी आणणाऱ्या कृत्रिम पदार्थांना पेयांत दंड लावला, आणि दूध व प्यायचं दही पेयांच्या कोष्टकात बसवलं. गोड प्यायचं दही एकदम खाली घसरलं. सप्टेंबर २०२४ मध्ये दानोननं, जी पट्टी लावणाऱ्या पहिल्या मोठ्या कंपन्यांपैकी होती, अशा पेयांवरून ती काढून टाकायचं ठरवलं. फ्रान्सनं मार्च २०२५ मध्ये नवं गणित लागू केलं आणि वेष्टनं बदलायला दोन वर्षं दिली. तोवर दोन्ही गणितांची अक्षरं एकाच शेल्फावर नांदतील, आणि दह्याच्या काही बाटल्यांवर एकही नसेल.