क्लबचा इतिहास लिहिताना आपण कुणाचा इतिहास लिहितो?

मागच्या पोस्टमध्ये ‘विश्लेषणाचं एकक’ म्हणजे काय ते पाहिलं होतं. आपण अभ्यास कशाचा करतोय: व्यक्तीचा, कुटुंबाचा, गावाचा की संस्थेचा? वाचताना सोपं वाटतं, पण आराखडा लिहायला बसलं की घोळ इथेच होतो. म्हणून आज एका तयार गोष्टीची चिकित्सा करू. गोष्ट जपानमधल्या मायनावी सेंदाई लेडीज या महिला फुटबॉल क्लबची आहे.

ती साधारण अशी सांगितली जाते. फुकुशिमा प्रांतात टेप्को मरीझ नावाचा महिला संघ होता. 11 मार्च 2011 ला भूकंप आणि त्सुनामी आली आणि संघ बंद पडला. 2012 मध्ये शेजारच्या प्रांतातल्या व्हेगाल्टा सेंदाई क्लबने तिथल्या खेळाडूंना घेऊन महिला संघ उभा केला. तो दुसऱ्या श्रेणीतून 2013 मध्ये पहिल्या श्रेणीत आला. 2021 मध्ये जपानची पहिली व्यावसायिक महिला लीग सुरू झाली, तेव्हा तिच्या 11 क्लबांमध्ये तो होता. संकट आलं, क्लब पुन्हा उभा राहिला, यश मिळालं.

यात खोटं काही नाही. पण प्रत्येक वाक्याचा कर्ता बघा. तो क्लब आहे, आणि त्यामुळे दोन गोष्टी झाकल्या जातात.

पहिली म्हणजे मालक. टेप्को ही तोक्योची वीज कंपनी, फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्र तिचंच. संघाचा तळ असलेलं जे-व्हिलेज हे क्रीडासंकुल केंद्रापासून सुमारे 20 किलोमीटरवर आहे. अपघातानंतर तिथेच मदतकार्याचा तळ झाला. जपानी संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने 2012 मध्ये हा अपघात मानवनिर्मित असल्याचं म्हटलं. म्हणजे ‘त्सुनामीने संघ बुडवला’ हे अर्धंच उत्तर झालं.

दुसरी म्हणजे खेळाडू. करिना मारुयामा आणि आया सामेशिमा या दोघी मरीझकडून खेळायच्या आणि टेप्कोत नोकरीही करायच्या. पगार आणि मैदान एकाच मालकाच्या हातात. मारुयामा आधीच दुसरीकडे गेली होती. 2011 च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध जादा वेळेत तिने विजयी गोल केला आणि पुढे जपान जगज्जेता झाला. सामेशिमाही त्या संघात होती. मरीझ बंद पडल्यावर ती आधी अमेरिकेत बोस्टनला, मग फ्रान्समध्ये मोंपेलिएला आणि 2012 मध्ये सेंदाईला आली. क्लबच्या इतिहासात हा सगळा प्रवास ‘संघ स्थलांतरित झाला’ एवढ्यात आटोपतो.

मागे गेलात तर आणखी मजा आहे. 2005 च्या आधी हाच संघ वायकेके एपी या कंपनीचा होता. पँटच्या चेनवर नाव दिसतं ना, त्याच वायकेके समूहातली कंपनी. नाव बदललं, मालक बदलला, शहर बदललं. तरीही ‘तोच क्लब’ म्हणायचं, तर कशाच्या आधारावर? ती सलगता खेळाडूंनी टिकवली होती.

आता आपल्याकडे या. भारतातल्या महिला लीगचा पहिला हंगाम 2017 च्या सुरुवातीला दिल्लीत खेळला गेला. मुख्य फेरीत सहा संघ होते आणि त्यात एक महाराष्ट्राचा होता, एफसी पुणे सिटी. 2019 मध्ये हा क्लब बंद झाला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. इथे जागा हललेली नोंदीत दिसते. पण पुण्याकडून खेळलेल्या मुली पुढे कुठे गेल्या, हे कळायला क्लबचा इतिहास उपयोगाचा नाही, कारण तो 2019 ला संपतो.

मग क्लबला एकक धरूच नये का? तसं नाही. प्रश्न पैशाचा, परवान्याचा, लीगच्या नियमांचा असेल, तर क्लबच एकक हवा. आणि खेळाडूंच्या मागे जाण्यातही धोका आहे. सामेशिमाचा माग लागतो, कारण ती राष्ट्रीय संघात होती. जिने गुपचूप खेळ सोडला तिची नोंद सहसा कुठे नसते. फक्त सापडणाऱ्यांवर अभ्यास केला, तर निष्कर्ष आपोआप यशाकडे झुकतो. मी वर दोन जगज्जेत्यांचीच उदाहरणं दिली, तीही याच कारणाने.

जालना जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या मुलींच्या संघावर काम करायचं ठरवलंत, तर हे लगेच जाणवेल. अहवालात ‘संघ सहभागी झाला’ एवढंच वाक्य मिळेल. त्यावर थांबू नका. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी पाठवलेल्या खेळाडूंच्या याद्या वर्षावार मागा. यंदा यादीत असलेली आणि पुढच्या वर्षी नसलेली नावं वेगळी काढा. त्यातल्या काही शिक्षण संपवून गेल्या असतील, काहींचं लग्न झालं असेल, काहींना येण्याजाण्याची सोय नसेल. कारण तुम्ही ठरवू नका, त्यांना विचारा. आणि त्यांची परवानगी घेतल्याशिवाय नाव छापू नका.

आज एवढंच करा: आराखड्यातलं उद्दिष्टांचं पान उघडा आणि प्रत्येक वाक्याच्या कर्त्याखाली रेघ मारा. सगळीकडे संस्थाच निघाली, तर माणसांबद्दलचा प्रश्न तुम्ही अजून विचारलेलाच नाही. मार्गदर्शकांकडे जाण्याआधी तो लिहून काढा.